उंदरांबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं

उंदरावर सल्ला नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पाठ धरली, ताप आला, तर लोक निदान ‘एकदा डॉक्टरांना दाखवून घे’ एवढं तरी म्हणतात. घरात उंदीर शिरलाय म्हटलं की मात्र समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो. मांजर पाळ. कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाक. तो प्लगला लावायचा डबा मिळतो ना, तो लाव, त्याच्या आवाजाने पळतात. अमुक औषध आण, ते खाल्लं की तहान लागून बाहेर जाऊन मरतात, घरात वास येत नाही. आणि हे सगळं हळू आवाजात, कारण जहर आणल्याचं मोठ्याने बोललं तर त्याला म्हणे कळतं.

हे सल्ले मी बरीच वर्षं जमवते आहे. आधी गंमत म्हणून, मग खरं काय ते शोधायची सवय लागली म्हणून. शोधता शोधता जाणवलं ते असं की यातला एकही सल्ला कपाट हलवायला सांगत नाही. दाराखालची फट बघायला सांगत नाही. उंदरांविषयीचे आपले बहुतेक समज दोनच प्रकारचे असतात. एकात उंदीर इतका अचाट हुशार असतो की आपण हरणारच. दुसऱ्यात आपण इतके निर्दोष असतो की दोष शेजाऱ्याचा, गटाराचा किंवा पावसाचा. दोन्हीतून मिळणारा आराम सारखाच आहे. आपल्याला ओट्याखाली वाकावं लागत नाही.

सगळ्यात जुना समज लाजेचा आहे. उंदीर घाणीत होतात, म्हणजे ज्याच्या घरात उंदीर तो घाणेरडा. त्यामुळे लोक आठवडेच्या आठवडे कुणाला सांगत नाहीत, आणि तेवढ्यात आत आणखी एक वेत होऊन जातं. वास्तविक घरातला छोटा उंदीर, शास्त्रीय नावाने मस मस्क्युलस, भरला तर पंधरा-वीस ग्रॅमचा, फार तर तीस. त्याला दिवसाला साधारण तीन ग्रॅम अन्न पुरतं. पाणी तर तो बराचसा अन्नातूनच भागवतो. आता तीन ग्रॅम म्हणजे किती? शेगडीखाली सांडलेलं, कुत्र्याच्या वाटीत उरलेलं, टोस्टरच्या तळाशी जमलेलं. रोज फरशी पुसणाऱ्या घरातही तेवढं असतंच. शिवाय फ्रिजच्या मागे मोटरची ऊब असते आणि वर्षानुवर्षं तिथे कुणी हात घालत नाही. स्वच्छता निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या उंदरांच्या बाबतीत उघडा कचरा हाच मुख्य मुद्दा असतो. पण चकचकीत फरशी बघून छोटा उंदीर दारातून परत फिरेल, ही समजूत आपली आपण करून घेतलेली आहे.

याच्याच पोटातला दुसरा समज म्हणजे उंदीर धान्यासाठी माणसाकडे आला. माणसाने शेती केली, कणग्या भरल्या, मग उंदीर आले, असं आपण गृहीत धरतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या प्राचीन वस्त्यांमध्ये सापडलेल्या उंदरांच्या दातांचा अभ्यास होता. त्यातून निघालं ते असं की आजचा घरगुती उंदीर तिथे सुमारे 15,000 वर्षांपूर्वीच, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी, माणसाजवळ राहायला लागला होता. तेव्हाची माणसं शिकार करणारी, कंद-दाणे वेचणारी होती, फक्त ती एका जागी जास्त काळ मुक्काम करायला लागली होती. मुक्काम लांबला की घरगुती उंदीर वाढायचा, आणि माणसं पुन्हा भटकायला लागली की त्याच्या जागी रानातला त्याचा भाऊबंद यायचा. माणूस टिकून राहिला की उंदीर टिकतो. मला ही माहिती मोठी दिलासादायक वाटते. निदान शेजारच्यांचा दोष नाही एवढं तरी ठरलं.

मग येतो तो प्रश्न कुणीच विचारत नाही: घरात आहे तरी कोण? कपाटामागे पळालेली प्रत्येक गोष्ट उंदीर असते आणि प्रत्येक उंदरावर एकच औषध चालतं, हा समज फार महागात पडतो. घरात येणारे मुख्य तीन. एक हा छोटा. दुसरा तपकिरी मोठा उंदीर, जमिनीत बिळं करणारा, गटारात पोहणारा, अर्ध्या किलोपर्यंत भरणारा. तिसरा काळा किंवा छपरावरचा उंदीर, अंगाने सडपातळ, शेपूट शरीरापेक्षा लांब, तारांवरून आणि झाडांवरून माळ्यावर येणारा. छोटा उंदीर म्हणजे मोठ्याचं पिल्लू, असं छातीठोक सांगणारे मला भेटले आहेत. ते पूर्णपणे वेगळे प्राणी आहेत. मोठ्याच्या पिल्लाचं डोकं आणि पाय अंगाच्या मानाने बेढब मोठे दिसतात, एवढ्यावरून ओळखता येतं. आणि चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही. ती किडे खाणारी आहे, झुरळं हा तिचा खुराक. तिच्यासाठी पिंजऱ्यात धान्य लावून बसणाऱ्याला ती सहसा दाद देत नाही.

न दिसलेला प्राणी ओळखायचा तर लेंड्या बघायच्या. छोट्याच्या लेंड्या तीन ते सहा मिलिमीटरच्या, टोकदार. मोठ्याच्या बारा मिलिमीटरच्या पुढे. इथेही एक घाबरवणारा समज आहे: ड्रॉवरभर लेंड्या म्हणजे उंदरांची फौज. एकटा छोटा उंदीर दिवसाला पन्नास ते पंचाहत्तर लेंड्या टाकतो. आठवडाभर ड्रॉवर उघडला नसेल तर फौजेची गरजच नाही.

पेस्ट कंट्रोलच्या कामात आयुष्य घालवलेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत. कुठल्याही घरात गेले की औषधाची पिशवी दाराशी ठेवतात आणि टॉर्च काढतात. “ताई, उंदीर नंतर. आधी घर दाखवा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग सरळ पोटावर झोपून ओट्याखाली बघतात. भिंतीच्या कडेने काळपट, तेलकट पट्टा दिसला की बोट लावून दाखवतात. उंदीर भिंतीला अंग घासत चालतात, मोकळ्या फरशीवरून जाणं टाळतात, त्यामुळे त्यांच्या रोजच्या वाटेवर अंगाचं तेल आणि मळ चढत जातो. खोलीच्या मधोमध ठेवलेला पिंजरा रिकामा राहतो तो याचमुळे. काका एकदा हसून म्हणाले होते, “मी तासभर बघत राहिलो तर लोकांना वाटतं मी कामच केलं नाही. औषध टाकलं की पैसे वसूल.”

त्यांच्या टॉर्चचा उजेड बहुतेक वेळा फटींवर असतो, आणि फटींवरून आठवलं, उंदराची हाडं मऊ असतात, तो अंग घडी करून कुठूनही जातो, असं सगळेच सांगतात. हाडं मऊ नसतात आणि बरगड्या दुमडत नाहीत. त्याची कवटी लहान असते, अंग लवचीक असतं, आणि डोकं शिरलं की मागचं बहुधा ओढून घेता येतं. छोट्या उंदराला सहा मिलिमीटरच्या आसपासची फट पुरते. जिथून पेन्सिल आत जाते तिथून तो जाऊ शकतो, असं धरून चालावं. मोठ्याला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त लागते. अद्भुत प्राणी म्हटला की फट मोजायचं कारणच उरत नाही. मिलिमीटर कळले की पट्टी घेऊन दाराशी बसावं लागतं.

दातांचंही तसंच. ‘कुरतडलं नाही तर दात वाढून मेंदूत घुसतात, म्हणून बिचारे वायरी खातात.’ समोरचे दात आयुष्यभर वाढतात हे खरं आहे, वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास. पण ते झिजतात ते मुख्यतः एकमेकांवर घासून. निरोगी उंदीर दात दातांवर सतत घासत असतो. वायर किंवा दाराची चौकट तो कुरतडतो ती वाट रुंद करायला, घरट्याला सामान मिळवायला, पलीकडे काय आहे ते बघायला. त्याला चघळायला लाकडाचा तुकडा दिला तर वायरी वाचतील, हा माझ्या संग्रहातला सगळ्यात दयाळू आणि सगळ्यात निरुपयोगी सल्ला आहे.

आता हुशारीकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. रोजच्या वाटेवर नवीन पिंजरा दिसला की कित्येक दिवस वळसा घालून जातो. घरातल्या लोकांना वाटतं, त्याने डाव ओळखला. त्याने काही ओळखलेलं नसतं. तिथे बूट ठेवला असता तरी तो असाच वागला असता. म्हणून जाणकार लोक सापळा आधी काही दिवस न लावता, नुसतं खाणं ठेवून तिथेच पडू देतात, त्याला सवय होऊ देतात आणि मग एके रात्री चाप ताणतात. छोटा उंदीर याच्या अगदी उलट. तो चौकस. नवीन काही दिसलं की जाऊन हुंगतो, त्यामुळे त्याचे सापळे पहिल्याच एक-दोन रात्रींत काम करतात. न केलं तर जागा बदलायची. एकाच घरात एकाच्या बाबतीत थांबायचं आणि दुसऱ्याच्या बाबतीत हलवायचं, हे कळायला आधी लेंड्या बघितलेल्या असाव्या लागतात.

आणि तो चीजचा तुकडा! चित्रांतल्या प्रत्येक सापळ्यावर पिवळं, भोकाभोकांचं चीज असतं. उंदीर भुकेला असेल तर खाईलही, पण त्याचा खरा कल धान्य, बिया, गोड आणि शेंगदाण्याचं काही चिकट असेल तर त्याकडे. चिकट असण्याचा फायदा असा की ते उचलून पळता येत नाही, चाटत बसावं लागतं. कधी कधी तर घरट्यासाठी लागणारा दोरा किंवा कापूस सापळ्याला बांधला तरी छोटी मादी येते.

उंदराला उलटी होत नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही. त्यामुळे नव्या अन्नाच्या बाबतीत तो आधी चिमूटभर खातो. पुढच्या काही तासांत पोटात बिघडलं तर ती चव त्याला पुढे बराच काळ वर्ज्य. 1955 साली जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने उंदरांचं हे चवीचं शिकणं दाखवून दिलं. किरणोत्सर्गाने आजारी पडलेले उंदीर त्याच वेळी प्यायलेल्या गोड पाण्याला पुढे तोंड लावेनात. झटपट मारणारी जुनी जहरं अनेकदा फसायची ती यामुळेच: थोडं खाल्लं, पोट दुखलं, वाचला, आणि पुन्हा शिवला नाही.

यावरून लोक पुढची उडी मारतात की वाचलेला उंदीर इतरांना जाऊन सांगतो. इथे विज्ञानाने जे शोधलं ते मला सगळ्यात आवडतं. बेनेट गेलेफ यांनी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एक उंदीर दुसऱ्याचं तोंड हुंगतो, त्याच्या श्वासाबरोबर आलेल्या अन्नाच्या वासावरून त्याने काय खाल्लं ते ओळखतो, आणि मग स्वतःही तेच पसंत करतो. इथवर ठीक. पण हुंगलेला उंदीर आजारी पडलेला असला तरीही दुसरा त्याच अन्नाकडे वळतो! म्हणजे ‘हे खाल्लं जातं’ एवढीच बातमी पोचते, ‘हे खाऊ नको’ ही बातमी पोचत नाही. सोबत्याकडून मिळते ती फक्त शिफारस, इशारा नाही. तेव्हा जहराबद्दल मोठ्याने बोलायला हरकत नाही.

रक्त गोठणं थांबवणारी औषधं आली ती आधी चिमूटभर चाखून बघायच्या स्वभावावर मात करायला. 1933 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्ताचा कॅन घेऊन जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. सडलेल्या गोड क्लोव्हरच्या चाऱ्यातला तो दोष शोधता शोधता पुढे वॉरफरिन तयार झालं आणि 1948 मध्ये उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं. याच्या परिणामाला काही दिवस लागतात. ‘औषध खोटं निघालं, खाऊनही फिरतोय’ अशी तक्रार होते ती याच गुणाबद्दल. दिवस मध्ये गेल्यामुळे त्रासाचा आणि त्या चवीचा संबंध त्याला जोडता येत नाही. पुढे हेच वॉरफरिन माणसांचं रक्त पातळ ठेवायला वापरलं जाऊ लागलं, आणि 1958 पर्यंत स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीरही सापडले. म्हणून मग ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकम अशी आणखी जालीम औषधं आली.

आणि त्यांच्याबरोबर तो सगळ्यात लाडका समज: पाणी शोधत बाहेर जाऊन मरतात. असं काही होत नाही. आजारी उंदीर जिथे सुरक्षित वाटतं तिथे जातो, म्हणजे बिळात, माळ्यावर, भिंतीच्या पोकळीत, बेसिनखालच्या पॅनलमागे. मग दोन आठवडे वास, माश्या आणि ‘कुठून येतोय’ चा शोध. शिवाय ही नवी औषधं यकृतात महिनोन्महिने राहतात. असा उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर जहर त्यांच्यापर्यंत पोचतं. म्हणजे जे पक्षी रात्रभर फुकट उंदीर धरतात त्यांनाच आपण हळूहळू संपवतो. घरात लहान मूल असेल तर हे सगळं आणखी गंभीर. या औषधांवर निदान व्हिटॅमिन के हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या जहराला तसा उतारा नाही आणि त्याने यकृत निकामी होतं. मुलाने कुठलंही उंदराचं औषध तोंडात घातल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता, पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठायचा. काही दिवस काहीच दिसत नाही, हाच या औषधांचा गुण आहे, आणि तो मुलाच्या बाबतीतही तसाच लागू होतो.

प्लगच्या डब्याचं थोडक्यात उरकते. उंदरांना अल्ट्रासाउंड, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा फार उंच पट्टीचा आवाज, ऐकू येतो यात शंका नाही, ते स्वतः त्या पट्टीत बोलतात. पण हा आवाज भिंत ओलांडत नाही, कपाटामागे पोचत नाही, आणि जिथे पोचतो तिथे उंदराला काही दिवसांत सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना लिहिलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा द्या. डबे अजून विकले जातातच. पुदिन्याच्या तेलाचा वास उंदराला काही काळ नकोसा वाटला तरी भूक आणि पिल्लं त्याच्यापेक्षा मोठी असतात. डांबराच्या गोळ्यांनी त्रास व्हायचाच तर तो त्या खोलीत झोपणाऱ्या माणसांना आधी होतो. आणि सोडा खाऊन उंदीर फुटतो, कारण त्याला ढेकर देता येत नाही, हे ऐकून मी खरंच हसले. ढेकर येत नसेल, बाकीचे मार्ग बंद नाहीत.

मांजराबद्दल बोलायला मला भीती वाटते, कारण मांजरवाले लोक हळवे असतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचरा-पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी मोठ्या उंदरांवर चिप बसवून पाच महिने कॅमेरे लावले होते. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिथल्या भटक्या मांजरांनी त्या काळात उंदीर मारायचे प्रयत्न केले तीन, आणि मारले दोन. मात्र मांजर आसपास असलं की उंदीर बाहेर कमी दिसायचे. नेमका इथेच समज जन्माला येतो: मांजर आणलं, उंदीर दिसेनासे झाले, म्हणजे संपले. ते लपले होते. छोटे उंदीर आणि पिल्लं मांजर धरतं, नक्की धरतं. पण अंगणात भटक्या मांजरांसाठी रात्रभर भरून ठेवलेली वाटी जितक्या उंदरांना पोसते तितके ती मांजरं क्वचितच मारतात.

आता आकड्यांचे समज, आणि मला वाटतं सगळ्याची गाठ इथेच आहे. ‘शहरात माणसागणिक एक उंदीर असतो’ हे वाक्य शंभर वर्षांहून जुनं आहे. 1909 मध्ये डब्ल्यू. आर. बोल्टर यांनी ब्रिटनमधल्या लागवडीच्या जमिनीवर एकराला एक उंदीर असा अंदाज धरला. एकर होते चार कोटी. लोकसंख्याही होती चार कोटी. योगायोगाचा नियम झाला आणि पुढे तो कुठल्याही शहराला लागू पडायला लागला. 1949 मध्ये उंदरांचे अभ्यासक डेव्हिड डेव्हिस यांनी न्यूयॉर्कसाठी प्रत्यक्ष पाहणीवरून अंदाज काढला तेव्हा तो अडीच लाखांच्या आसपास आला, म्हणजे छत्तीस माणसांमागे एक. ‘एका जोडीची वर्षात हजारो पिल्लं’ हाही असाच कागदावरचा गुणाकार आहे. तीन आठवड्यांची गर्भावस्था, वेतानंतर लगेच पुन्हा गाभण राहणं, दीड-दोन महिन्यांत पिल्लं वयात येणं, हे सगळं खरं. पण त्या गुणाकारात कुणीच मरत नाही. प्रत्यक्षात मोकळ्या वावरणाऱ्या उंदरांपैकी बहुतेक वर्षही पुरं करत नाहीत.

मग ते कमी का होत नाहीत? याचं उत्तर 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मिळालं. तिथे आधी कर्ट रिश्टर यांच्या देखरेखीखाली जहराची मोठी मोहीम झाली. त्यानंतर जॉन एमलेन, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी वस्तीतल्या उंदरांची मोजदाद सुरू ठेवली. मारल्यावर संख्या खाली यायची आणि काही महिन्यांत पुन्हा होती तिथे. जे उरत त्यांच्या वाट्याला अन्न आणि जागा जास्त येई, जास्त माद्या गाभण राहत, जास्त पिल्लं जगत. जेव्हा कचऱ्याच्या झाकणबंद कुंड्या आल्या, पडीक सामान हललं, बिळं करायला जागा उरली नाही, तेव्हा संख्या उतरली आणि उतरलेली राहिली. किती उंदीर असणार हे ती जागा ठरवते. मारणं म्हणजे त्या जागेची एक खेप कापणी.

कापणीवर बक्षीस लावलं तर काय होतं हे व्हिएतनाममधल्या हनोई शहराने 1902 मध्ये दाखवलं. तिथल्या तेव्हाच्या फ्रेंच प्रशासनाने गटारातल्या उंदरांच्या प्रत्येक शेपटीमागे मोबदला जाहीर केला. शेपट्यांचे ढीग जमू लागले. मग शहरात शेपूट नसलेले जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले, आणि शहराबाहेर उंदीर पाळण्याचे धंदेही निघाले. हसायला येतं खरं. पण घरात महिन्याला एक उंदीर चापात सापडला की आपणही ‘चालू आहे बंदोबस्त’ असं म्हणत समाधान मानतोच.

उंदीर चिकटवून पकडायच्या गोंदाच्या चिकटपट्टीबद्दल माझं मत कठोर आहे. तिला लोक ‘रक्त नाही, जहर नाही’ म्हणून सौम्य समजतात. प्राणी तासन्‌तास जिवंत अडकून तहानेने, श्रमाने आणि भीतीने मरतो, आणि त्या सगळ्या वेळात मलमूत्र टाकत राहतो. इंग्लंडने 2022 मध्ये कायदा करून तिच्यावर बंधन आणलं आणि जुलै 2024 पासून सामान्य माणसाला ती वापरायला मनाई आहे. उलट चापाचा सापळा दिसायला क्रूर, पण चांगला असेल तर क्षणात काम संपवतो. जिवंत पकडून लांब मोकळ्या माळावर सोडणं हेही वाटतं तेवढं पुण्याचं नाही. घरात वाढलेला उंदीर अनोळखी जागी, लपायला जागा माहीत नसताना, बहुधा फार जगत नाही. जगला तर दुसऱ्या कुणाच्या घरात जातो. दया करायची तर ती त्याला आत येऊ न देण्यात जास्त होते, असं मला वाटतं. अर्थात, पकडलेल्या डोळ्यांकडे बघून हा विचार करणं कठीण असतं.

आजारांबाबत आपण भलत्या ठिकाणी घाबरतो. उंदीर चावला की पहिला प्रश्न रेबीजचा. उंदरांमध्ये रेबीज जवळजवळ कधीच सापडत नाही. जखम साबणाने खूप वेळ धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचंच, ते धनुर्वातासाठी आणि उंदीर चावल्याने होणाऱ्या तापासाठी. जास्त धोका न चावणाऱ्या उंदराचा असतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या साध्या खरचटण्यातून आपल्या अंगात शिरतात. माळ्यावरच्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडणं ही सवय तर सोडायलाच हवी, कारण धुळीबरोबर हंता विषाणूसारख्या गोष्टी श्वासात जाऊ शकतात. आधी हवा खेळू द्यायची, हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग पुसून घ्यायचं. प्लेगच्या साथीत तर उंदीर घाईने मारणंच धोक्याचं. रोग पिसवा पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. म्हणून तिथे क्रम ठरलेला असतो: आधी पिसवा, मग उंदीर.

एक समज मात्र खरा निघतो. संडासाच्या भांड्यातून उंदीर येऊ शकतो. तपकिरी उंदीर पट्टीचा पोहणारा आहे, श्वास रोखून पाण्याने भरलेल्या वळणातून वर येतो. झाकण लावायची सवय आणि पाइपमधून उलटं वर येऊ न देणारी झडप याला कुणी वेडं म्हणू नये.

काकांची पद्धत सांगून थांबते. सापडलेल्या प्रत्येक भोकात ते पहिल्या दिवशी चुरगळलेल्या कागदाचा बोळा कोंबतात आणि भिंतीच्या कडेला, काटकोनात, एकदम बरेच सापळे लावतात. सकाळी बोळा बाहेर ढकललेला दिसला तर ती वाट चालू आहे, सापळे तिथेच वाढवायचे. आठवडाभर बोळे जागचे हलले नाहीत, लेंड्या नवीन पडल्या नाहीत, की मगच बुजवायचं, म्हणजे आत कुणी कोंडून मरत नाही. नुसता फोम मारू नका, तो कुरतडला जातो. स्टीलची तार ठासून भरायची आणि वरून सिमेंट लिंपायचं. दाराखाली पट्टी बसवायची. सिंकखाली जिथे पाइप भिंतीत शिरतो तिथे गोल पत्र्याची चकती असते, ती सरकवून बघायची, कारण तिच्यामागे प्लंबरने पाडलेलं भोक पाइपच्या दुप्पट असतं.